राज्यशास्त्र शिकताना गोव्याचे कागद कोण वाचणार?

मा. संपादक यांस,

महोदय,

बारावीचा निकाल लागला की कला शाखेच्या प्रवेशखिडकीपाशी दरवर्षी एकच प्रश्न ऐकू येतो : राज्यशास्त्र घेऊन पुढे काय? विचारणारे पालक असतात आणि उत्तर देणारेही बहुधा दुसरे पालकच. ‘स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडते’ हे एक उत्तर, ‘सोपा विषय, पाठ केले की झाले’ हे दुसरे. पहिले अर्धे खरे आहे. दुसरे साफ खोटे आहे आणि त्याच समजुतीपायी मुलांची तीन-चार वर्षे फुकट जातात. म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी चौकट सांगतो. गोवा विद्यापीठाच्या महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम २०२३-२४ पासून सुरू झाला. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्याप्रमाणे एका सत्राला २० श्रेयांक, तीन वर्षांनी बाहेर पडायचे तर १२०, चारही वर्षे पुरी केली तर १६०. थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास. चार श्रेयांकांचा पेपर ६० तासांचा, म्हणजे पंधरा आठवडे, आठवड्याला चार तास. चतुर्थीची सुट्टी, चाचण्या, स्नेहसंमेलन वजा केल्यावर हातात काय उरते याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स हवे असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात आणि १२ श्रेयांकांचा प्रबंध लिहावा लागतो. नेमकी इथेच पंचाईत होते. सहा सत्रे झेरॉक्स नोट्सवर निभावलेल्या विद्यार्थ्याने तोवर एकही मूळ कागद उघडलेला नसतो. ना राज्यघटनेचे कलम, ना न्यायालयाचा निकाल, ना निवडणुकीचा तक्ता. सातव्या सत्रात त्याला अचानक ‘संशोधन कर’ म्हणून सांगितले जाते.

मायनर, म्हणजे दुय्यम विषय म्हणून इतिहास किंवा अर्थशास्त्र घ्यावे, हे आमचे मत. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे कौशल्याच्या अभ्यासक्रमांत कुठेतरी एक्सेल, टक्केवारी आणि नमुना निवड पदरात पाडून घ्यावी. गणित नको म्हणून राज्यशास्त्र घेतलेल्यांना हे रुचत नाही. इलाज नाही. मते मोजावी लागतात.

आता मुद्द्यावर येतो. राज्यशास्त्र हा कागद वाचण्याचा आणि आकडे पडताळण्याचा विषय आहे, आणि तो तसा शिकायला गोव्याइतकी सोयीची जागा देशात क्वचितच सापडेल. इथे विधानसभेचे मतदारसंघ चाळीस. एका मतदारसंघात साधारण २९ हजार मतदार. महाराष्ट्रात २८८ मतदारसंघ आणि प्रत्येकात सरासरी तीन लाखांवर मतदार. तिथे एका आमदाराच्या मतदारसंघाचा अभ्यास म्हणजे मोठा प्रकल्प. इथे तेच काम एक विद्यार्थी एका सत्रात करू शकतो. तरीही आमच्या उत्तरपत्रिकांत गोवा जवळपास नसतो. असला तर चुकीचा असतो.

कलम ३७१-आय घ्या. गोव्याला या कलमाने ‘विशेष दर्जा’ मिळाला आहे, असे वाक्य कितीतरी उत्तरपत्रिकांत येते. काही जण तर जमिनींना संरक्षण वगैरेही लिहून मोकळे होतात. १९८७ च्या ५६ व्या घटनादुरुस्तीने आलेले हे कलम एका वाक्याचे आहे : गोव्याच्या विधानसभेत किमान तीस सदस्य असतील. बस्स. जमिनीचा त्यात शब्द नाही. मग ते घालावेच का लागले? कारण कलम १७० प्रमाणे राज्याच्या विधानसभेत किमान ६० सदस्य हवेत आणि ३० मे १९८७ रोजी घटक राज्य झालेल्या गोव्यासाठी आखलेली विधानसभा चाळीसची होती. १७० आणि ३७१-आय शेजारी ठेवून वाचायला दहा मिनिटे लागतात. गाईडमध्ये ती दोन वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, म्हणून कोणी जोडून पाहत नाही. विशेष दर्जाची मागणी योग्य की अयोग्य, हा वाद जरूर घालावा, पण आहे त्या कलमात काय आहे हे वाचून.

समान नागरी कायद्याचेही तसेच. ‘कलम ४४ ची (देशभर समान नागरी कायद्यासाठी प्रयत्न करा असे सांगणाऱ्या कलमाची) अंमलबजावणी गोव्याने केली’ हे वाक्य इतके रुळले आहे की त्याला लाल शाई लावताना शिक्षकच कचरतात. इथला कौटुंबिक कायदा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला. मुक्तीनंतर संसदेने १९६२ च्या प्रशासन कायद्याने जुने कायदे चालू ठेवले, त्यात तो टिकला. कलम ४४ चा त्याच्या जन्माशी संबंध नाही.

पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टाचा अभ्यास तर गोवा सोडून करूच नये. १९८५ च्या ५२ व्या दुरुस्तीने हे परिशिष्ट आले. मूळ मसुद्यात एकतृतीयांश आमदार फुटले तर ती ‘फूट’ मानून सूट होती. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ती काढली आणि दोनतृतीयांशांच्या ‘विलीनीकरणा’ची सूट तेवढी ठेवली. इथवर सगळे पाठ करतात. पुढचे गणित मात्र कागदावर मांडून पाहावे. मार्च २०१९ मध्ये मगोच्या, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या तीनपैकी दोन आमदारांनी भाजपमध्ये विलीनीकरण केले. तीनचे दोनतृतीयांश दोन. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा गेले. पंधराचे दोनतृतीयांश दहा. सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या अकरापैकी आठ गेले. अकराचे दोनतृतीयांश ७.३३, म्हणजे माणसांत आठ. तिन्ही वेळा आकडा कायद्याने मागितला तेवढाच, एकही जास्त नाही. कायद्यातला उंबरठा माणसांच्या वागण्याला कसा आकार देतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण परदेशी पाठ्यपुस्तकात शोधायची गरज नाही.

त्यानंतर परिशिष्टाचा चौथा परिच्छेद समोर घ्यावा. पहिल्या भागात मूळ राजकीय पक्षाचे विलीनीकरण म्हटले आहे, दुसऱ्या भागात विधिमंडळ पक्षाच्या दोनतृतीयांशांनी मान्यता दिली की विलीनीकरण झाल्याचे मानावे, असे. आधी बाहेरच्या पक्षाने विलीन व्हायला हवे की आमदारांची संख्या पुरेशी? मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने फेब्रुवारी २०२२ मध्ये २०१९ च्या अपात्रता याचिका फेटाळल्या, त्या निकालाचा गाभा हाच प्रश्न आहे. निकाल पटो वा न पटो, बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाच्या मुलाला तो वाचता आला पाहिजे. वाचायची रीत अशी : आधी वस्तुस्थितीचे परिच्छेद, मग न्यायालयाने स्वतःसमोर ठेवलेले प्रश्न, मग थेट शेवटचा आदेश, आणि त्यानंतर मधला युक्तिवाद. पहिल्या पानापासून ओळीने वाचू लागले की विसाव्या पानावर वकिलांचे म्हणणे आणि न्यायालयाचे म्हणणे यांची गल्लत होते. परीक्षेत एका बाजूच्या वकिलाचा युक्तिवाद ‘न्यायालयाने म्हटले’ म्हणून उतरवला जातो, तो यामुळेच. या विषयावरचे गोव्याचे दोन जुने निकालही राष्ट्रीय अभ्यासक्रमात आहेत. काशिनाथ जल्मी प्रकरणात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अपात्रतेच्या स्वतःच्या निर्णयाचा फेरविचार करायचा अधिकार सभापतींना नाही. रवी नाईक प्रकरणात १९९४ साली सांगितले, की लेखी राजीनामा दिला नसला तरी वागणुकीवरून पक्षसदस्यत्व सोडल्याचा निष्कर्ष काढता येतो. देशभरच्या वर्गांत हे शिकवतात. आपल्याकडे ते ‘स्थानिक राजकारण’ म्हणून टळते.

त्याच ९१ व्या दुरुस्तीतली दुसरी तरतूदही छोट्या राज्यात वेगळी दिसते. मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांहून मोठे नको, पण मुख्यमंत्र्यांसह बारापेक्षा कमीही नको. चाळीसचे १५ टक्के सहा. पण किमान बाराचा नियम असल्याने इथे ३० टक्के सभागृह मंत्री होऊ शकते. सत्ताधारी बाजूला एकवीस आमदार धरले तर त्यांतले बारा मंत्री, एक सभापती, एक उपसभापती. मागच्या बाकावर सात उरले. महामंडळांची अध्यक्षपदे इतकी मोलाची का, याचे उत्तर त्या सातांत आहे.

२०१७ ची विधानसभा तर एका अख्ख्या पेपराचा ऐवज आहे. काँग्रेस १७, भाजप १३, मगो ३, गोवा फॉरवर्ड ३, राष्ट्रवादी १, अपक्ष ३. मतांची टक्केवारी पाहिली तर भाजप साडेबत्तीस आणि काँग्रेस अठ्ठावीसच्या थोडी वर. ज्याला मते जास्त त्याला जागा कमी आणि ज्याला जागा जास्त त्याला सरकार नाही, हे दोन्ही एकाच निवडणुकीत. राज्यपालांनी निवडणुकीनंतरच्या आघाडीला पाचारण केले, काँग्रेस सर्वोच्च न्यायालयात गेली, न्यायालयाने १६ मार्चला बहुमत चाचणी घ्यायला सांगितले आणि ती २२ विरुद्ध १६ अशी झाली. केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाने राज्यपालांसाठी सुचवलेला क्रम असा : निवडणूकपूर्व आघाडी, इतरांच्या पाठिंब्यासह दावा करणारा सर्वांत मोठा पक्ष, सर्व घटक सरकारात सामील होतील अशी निवडणुकोत्तर आघाडी, आणि शेवटी काही घटक बाहेरून पाठिंबा देणारी आघाडी. हा क्रम फळ्यावर लिहावा, शेजारी पक्षनिहाय आकडे लिहावेत आणि मग वर्गाला बोलू द्यावे. आधी बोलू दिले तर पाच मिनिटांत वर्गाचे दोन पक्ष होतात आणि तास संपतो.

२०२२ चा निकाल निवडणूक पद्धती शिकवायला अधिक उपयोगी. भाजप २०, काँग्रेस ११, आप २, मगो २, गोवा फॉरवर्ड १, आरजी (रिव्होल्युशनरी गोवन्स) १, अपक्ष ३. आरजीला नऊ टक्क्यांवर मते मिळाली आणि जागा एक. आपला सात टक्क्यांहून कमी मते आणि जागा दोन. तृणमूलला पाच टक्क्यांवर मते आणि जागा शून्य. कारण मते किती यापेक्षा ती कुठे साचली यावर जागा ठरतात. ‘परिणामकारक पक्षसंख्या’ काढायचे लाक्सो आणि तागेपेरा यांचे १९७९ चे सूत्र इथे वहीवर सोडवता येते. प्रत्येक पक्षाच्या जागांचा वर्ग करा, बेरीज घ्या, आणि एकूण जागांच्या वर्गाला तिने भागा. ४००, १२१, ४, ४, १, १ आणि तीन अपक्षांचे ३, बेरीज ५३४. चाळीसचा वर्ग १६००. भागाकार जवळजवळ ३. हेच गणित मतांच्या टक्केवारीवर केले तर उत्तर पाचच्या पुढे जाते. मतदारांनी पाच पक्षांचे राजकारण केले आणि सभागृहात तीन पक्षांचे पोहोचले. इथली नेहमीची चूक म्हणजे तिन्ही अपक्षांना एक पक्ष धरून तीनचा वर्ग नऊ घेणे. तीन अपक्ष म्हणजे तीन वेगळे एक.

टक्केवारीचा विषय निघालाच आहे तर १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाचा उल्लेख हवा. हा विषय अजूनही घरोघरी तापतो, म्हणून वर्गात टाळला जातो. आमच्या मते तो पहिल्याच सत्रात घ्यावा, आणि भावनेआधी भागाकार घ्यावा. मतदार ३,८८,४३२. मतदान ३,१७,६३३. केंद्रशासित राहावे या ‘दोन पाने’ चिन्हाच्या बाजूने १,७२,१९१. महाराष्ट्रात विलीन व्हावे या ‘फूल’ चिन्हाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१. मग केंद्रशासितच्या बाजूने किती टक्के? झालेल्या मतदानाचे ५४.२. वैध मतांचे साडेपंचावन्नच्या आसपास. एकूण मतदारांचे ४४.३. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, आणि वादात प्रत्येक बाजू आपल्या सोयीचा छेद उचलते. छेद कोणता हे विचारायची सवय एकदा लागली की टीव्हीवरच्या अर्ध्या चर्चा आपोआप पारखता येतात. पाठोपाठ मार्च १९६७ च्या निवडणुकीचा निकाल ठेवावा. कौलात विलीनीकरण हरले आणि दोन-अडीच महिन्यांत विलीनीकरणवादी मगोच भाऊसाहेब बांदोडकरांसह सत्तेत परतला. लोकांनी एका प्रश्नाला एक उत्तर दिले, दुसऱ्या प्रश्नाला दुसरे. जनमत आणि निवडणूक यांतला फरक समजायला एवढी एक जोडी पुरते.

आता कागद कुठून मिळवायचे ते.

निवडणुकीसाठी ‘फॉर्म २०’. मतमोजणीनंतर निर्वाचन अधिकारी भरतो तो अंतिम तक्ता. एका मतदान केंद्राची एक ओळ, उमेदवारांचे रकाने, नोटा, नाकारलेली मते, शेवटी टपाली मते वेगळी. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ असते, पुष्कळदा स्कॅन केलेली, म्हणजे आकडे हाताने टंकावे लागतात. टंकून झाले की प्रत्येक रकान्याची बेरीज जाहीर निकालाशी ताडून पाहायची. ती जुळेपर्यंत पुढे जायचे नाही. तीन आणि आठ यांची अदलाबदल नेहमीची. मग मतदान केंद्रांची यादी घ्यायची, कारण दोन निवडणुकांच्या मध्ये केंद्रांचे क्रमांक बदलतात. २०१७ चे केंद्र १२ आणि २०२२ चे केंद्र १२ हे एकाच वाड्याचे असेलच असे नाही. क्रमांक जुळवून केलेली तुलना दिसायला देखणी असते आणि पूर्ण चुकीची असू शकते.

आणखी एक सापळा. एका केंद्रात अमुक समाजाची वस्ती जास्त आणि तिथे अमुक पक्षाला मते जास्त, म्हणून त्या समाजाने त्या पक्षाला मत दिले, हा निष्कर्ष फॉर्म २० वरून निघत नाही. केंद्राचा आकडा केंद्राचा असतो, माणसाचा नव्हे. शिवाय इथे एका केंद्रावर काहीशेच मतदार. कोणत्या वाड्याने कोणाला मत दिले हे प्रबंधात छापून त्या वाड्यावरच्या लोकांना अडचणीत आणू नये. पक्षांचे कार्यकर्ते हे हिशेब मांडतातच. विद्यार्थ्याने त्यांच्या पंक्तीला बसायचे कारण नाही.

विधिमंडळाच्या कागदांसाठी पर्वरीचे विधानसभा संकुल. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर आणि त्यावर उपप्रश्न, अतारांकिताला लेखी उत्तर. या एलएक्यूंच्या, म्हणजे विधानसभा प्रश्नांच्या जोडपत्रांत खातेनिहाय, तालुकानिहाय जी आकडेवारी येते, ती दुसरीकडे सहसा एकत्र मिळत नाही. एखाद्या आमदाराचे एका अधिवेशनातले सगळे प्रश्न काढावेत, ते खात्यांप्रमाणे लावावेत आणि त्यांतले किती स्वतःच्या मतदारसंघाबद्दल, किती राज्याबद्दल, हे मोजावे. प्रश्नांच्या संख्येवरून आमदाराला शाबासकी द्यायची घाई नको. एकाच मसुद्यात खात्याचे नाव बदलून दहा प्रश्न टाकता येतात. राजपत्र गुरुवारी निघते, तीन मालिकांत. कायदे आणि नियम पहिल्या मालिकेत, तिथून सुरुवात करावी. विधेयकाची तारीख, मंजुरीची तारीख, राज्यपालांची संमती आणि नियम अधिसूचित झाल्याची तारीख असे चार रकाने केले की कायदा झाला आणि कायदा लागू झाला यांतले अंतर दिसते. नियमच न निघाल्याने पडून राहिलेला कायदा म्हणजे काय, हे कोणतेही भाषण शिकवू शकत नाही.

जुन्या वर्तमानपत्रांसाठी पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. एका घटनेसाठी निदान दोन भाषांतली दोन वर्तमानपत्रे पाहावीत. भाषावादाच्या काळातल्या मराठी आणि इंग्रजी बातम्या शेजारी ठेवल्या की ‘तटस्थ बातमी’ या कल्पनेबद्दल वेगळे प्रकरण शिकवावे लागत नाही. त्यानंतर फेब्रुवारी १९८७ चा राजभाषा कायदाच काढून वाचावा. देवनागरी कोकणीला त्यात काय स्थान आहे आणि मराठीच्या वापराची तरतूद नेमकी काय आहे, यावर सभांमधून बोलणाऱ्यांतल्या फार थोड्यांनी तो वाचलेला असतो.

पंचायतीसाठी ग्रामसभा. गोव्यात १९१ पंचायती, दोन जिल्हा पंचायती, मध्ये तालुका पंचायत नाही. कारण वीस लाखांपर्यंत लोकसंख्या असलेल्या राज्याला मधला स्तर न ठेवण्याची मुभा घटनेच्या कलम २४३-बी मध्ये आहे आणि २०११ च्या जनगणनेत आपण १४ लाख ५८ हजार होतो. तरीही ‘त्रिस्तरीय पंचायत राज’ यावर पाच गुणांची टीप लिहून येणारी मुले गोव्याचीच असतात. नियमित ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या महिन्यांतल्या रविवारी होतात. निरीक्षणाला जायचे तर सरपंच किंवा सचिवाला आधी सांगावे, मागे बसावे, स्वतः बोलू नये. दुसऱ्या गावच्या माणसाने तोंड उघडले की सभेचा विषयच तो होतो. नोंदवायचे ते मोजता येण्यासारखे : सुरुवातीला आणि शेवटी हजर किती, त्यांत बायका किती, बोलले किती जण, मागच्या सभेचे इतिवृत्त वाचले का, त्यावर हरकत आली का, ठराव किती झाले, सूचक-अनुमोदक कोण. ‘लोक उत्साही होते’ हे निरीक्षण नव्हे. तीन महिन्यांनी पुढच्या सभेला जाऊन त्याच ठरावांचे काय झाले ते विचारावे. खरा अभ्यास या दुसऱ्या भेटीत असतो, आणि नेमकी तीच बहुतेकांच्या अहवालात नसते.

कागद मिळाला नाही तर माहिती अधिकार. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत, न मिळाल्यास तीस दिवसांत पहिले अपील. अर्ज फेटाळले जातात ते बहुधा विद्यार्थी ‘का’ विचारतो म्हणून. ‘पंचायतीने रस्ता का केला नाही’ याला उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नसतो. ‘अमुक तारखेच्या ग्रामसभेतील ठराव क्रमांक अमुक आणि त्यावरील पत्रव्यवहाराच्या प्रती’ असे मागितले तर तो देतो. अस्तित्वात असलेला कागद मागायचा. आणि सत्र जूनमध्ये सुरू होत असेल तर अर्ज जूनमध्येच टाकायचा. सप्टेंबरात टाकलेल्या अर्जाचे उत्तर प्रबंध जमा झाल्यावर येते.

सर्वेक्षणाबद्दल थोडे कडक बोलावे लागेल. व्हॉट्सअॅपवर गुगल फॉर्म फिरवून आलेले शंभर प्रतिसाद म्हणजे गोव्याचे मत नव्हे, ते आपल्या मित्रांचे मत. मतदार यादी हाती आहे, ती वापरावी. केंद्रात ९०० नावे आणि हवेत ४५, तर अंतर वीसचे. एक ते वीसमधली एक चिठ्ठी काढायची, सात निघाली तर ७, २७, ४७ असे जायचे. घर बंद असेल तर शेजारच्याला विचारून मोकळे व्हायचे नाही. दोनदा परत जायचे आणि तरी न भेटल्यास ‘भेट नाही’ अशी नोंद करायची. गोव्यात ही नोंद फार येते. तारवटी बोटीवर असतात, कोणी आखातात, कोणी पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात आणि नाव अजून यादीत. अशांची संख्या हाही निष्कर्षच आहे. भेटीची वेळ संध्याकाळी पाचनंतर किंवा रविवारी, नाहीतर नमुन्यात फक्त निवृत्त मंडळी आणि गृहिणी उरतात. मत कोणाला दिले हे तोंडी विचारू नये. छापील चिठ्ठी द्यावी, खूण करून घडी घालून पेटीत टाकायला सांगावे. घरातले बाकीचे ऐकत असताना मिळालेले उत्तर घराचे असते.

प्रबंधाचा विषय ‘गोव्यातील महिलांचा राजकीय सहभाग’ असा असू नये. त्यावर बारा श्रेयांकांत फक्त प्रस्तावना होते. एका तालुक्यातल्या पंचायतींत २०१७ ला महिला राखीव प्रभागातून निवडून आलेल्या किती पंच, प्रभाग खुला झाल्यावर २०२२ ला पुन्हा उभ्या राहिल्या, हा विषय होऊ शकतो. राखीव प्रभागांची अधिसूचना आणि उमेदवारांच्या याद्या राज्य निवडणूक आयोगाकडून मिळतात. प्रभागांच्या हद्दी मध्ये बदलल्या का हे आधी पाहावे. बदलल्या असतील तर ते पहिल्याच प्रकरणात लिहावे, मार्गदर्शकाने विचारेपर्यंत थांबू नये.

आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर शीतयुद्धाच्या इंग्रजी नोट्सवर चालतो, हे तर आम्हाला सर्वांत जास्त खटकते. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १५४२ क्रमांकाच्या ठरावात पोर्तुगालच्या ताब्यातले अस्वायत्त प्रदेश मोजले, त्यांत गोवा होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दादरा-नगरहवेलीला जायच्या वाटेच्या हक्काबद्दल पोर्तुगाल विरुद्ध भारत खटल्याचा निकाल दिला होता. १८ डिसेंबर १९६१ ला, भारतीय सैन्य गोव्यात शिरलेले असताना, सुरक्षा परिषदेत युद्धबंदी आणि माघारीचा ठराव आला. बाजूने सात, विरोधात चार, आणि त्या चारांत सोव्हिएत संघ असल्याने नकाराधिकार. उरलेले तीन सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक. नकाराधिकार, वसाहतमुक्ती, अलिप्ततावाद, बळाच्या वापराची वैधता, सगळे त्या एका बैठकीत आहे. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते १९७४ च्या अखेरीस, लिस्बनमधली हुकूमशाही त्याच वर्षी २५ एप्रिलला कोसळल्यावर. राजवट बदलली की परराष्ट्र धोरण कसे फिरते, हे इथून तुलनात्मक राजकारणाकडे नेता येते. नद्यांच्या वाटपाला आणि संघराज्याला म्हादई आहेच. २०१० चा लवाद, २०१८ चा निवाडा, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी.

राजकीय विचारांच्या पेपराबद्दल एवढेच, की हॉब्स, लॉक, रुसो यांच्यावर लिहिलेली टिपणे वाचण्यापेक्षा त्यांची स्वतःची वीस पाने वाचावीत. एका विचारवंताची वीस पाने एका सत्रात झाली तरी चालेल. इंग्रजी जड जात असेल तर आधी मराठीतून समजून घेऊन मग इंग्रजीत लिहावे. प्राथमिक शिक्षण मराठीत झालेल्यांनी यात कमीपणा मानू नये. वर्गात बोलताना शिक्षकांनीही मानू नये.

पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात. प्राध्यापकीच्या पात्रतेसाठीच्या नेट परीक्षेत पहिल्या पेपरात ५०, दुसऱ्यात १०० प्रश्न, एकूण ३०० गुण, तीन तास, चुकीला गुणवजा नाही. राज्यशास्त्राचे दहा घटक, त्यांत लोकप्रशासन आणि सार्वजनिक धोरणही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची तशीच पात्रता परीक्षा, सेट, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत हा ऐच्छिक विषय घेतला तर २५० गुणांचे दोन पेपर आणि ते मराठीत लिहिता येतात. पूर्वपरीक्षा मात्र इंग्रजी-हिंदीतच. कायद्याच्या तीन वर्षांच्या पदवीला, पत्रकारितेला, विधिमंडळ आणि पंचायतीच्या कामाला हा विषय उपयोगी पडतो, पण कागद वाचता येत असेल तरच. कलमांचे क्रमांक पाठ असलेली माणसे बाजारात पुष्कळ आहेत.

महाविद्यालयांना एक व्यवहार्य सूचना करून थांबतो. पहिल्या वर्षाच्या वर्गात प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक मतदारसंघ वाटून द्यावा. मांद्रे ते काणकोण, चाळीसच्या चाळीस. पहिल्या सत्रात फॉर्म २० टंकून बेरीज जुळवायची, दुसऱ्यात त्या आमदाराचे एलएक्यू, तिसऱ्यात तिथल्या एका पंचायतीच्या दोन ग्रामसभा, चौथ्यात माहिती अधिकारातून एक ठराव शेवटपर्यंत. पुढच्या वर्षाच्या मुलांनी तीच फाइल पुढे न्यायची. वाटप जूनच्या पहिल्या आठवड्यातच व्हायला हवे. पावसाळी अधिवेशन साधारण जुलैत सुरू होते, प्रेक्षक गॅलरीचा पास आधी काढावा लागतो, आणि जुलैची ग्रामसभाही त्याच सुमारास असते. ऑगस्टमध्ये फायली वाटल्या तर हे दोन्ही हुकते आणि मुले पुन्हा झेरॉक्सच्या दुकानात जातात.

आपले,
राज्यशास्त्राचे काही अध्यापक,
फोंडा